सोडलेलं दार

माझी मुलगी जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला गेली आहे. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या महिन्यात तिने मला तिच्या दाराच्या मुठीला अडकवलेली एक पाटी दाखवली. प्लास्टिकची, वर कागद धरायचा चिमटा. तिथे म्हणे प्रत्येक आळीचं एक मंडळ असतं. सूचनांचा कागद त्या पाटीला लावतात आणि ती पाटी घरोघर फिरते. वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची. कचरा ठेवायची जागा झाडायचं कामही असंच, पाळीपाळीने.

"आई, आपल्या आळीसारखंच हाय गं सगळं," ती हसत म्हणाली.

मी विचारलं, "आन एखादं दार सोडलं तर?"

"सोडत न्हाईत कुणी." मग तिचं हसू जरा कमी झालं. "आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. पाटी तीन दिवस त्यांच्याच दाराला लटकत होती. पुढं आलीच न्हाय. तवा कळलं."

तिने मग दुसरा विषय काढला. तिच्याकडे थंडी सुरू झाली होती, मोजे कुठले घ्यावेत वगैरे. मी व्हय व्हय म्हणत राहिले. पण मला तेव्हापासून आमच्या आळीतलं ते दार आठवतंय. मुलीची एक जुनी वही अर्धी कोरी आहे, तिच्यात लिहून ठेवते.

आमची आळी समुद्राच्या कडेला आहे. एकवीस घरं, दोन्ही अंगांना, आणि मधे खळं. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा. ते कुणा एकाचं नाही, आळीचं आहे. एका बाजूला बोंबील टांगायला बांबू आणि दोऱ्या, बाकी सगळी जमीन चोपलेली, वर समुद्राची बारीक रेती. मे महिन्यात लग्नं तिथेच लागतात. काशीदला आलेले पाहुणे कधी वाट चुकून गाडी घेऊन खळ्यापर्यंत येतात आणि पार्किंग आहे का विचारतात. पलीकडची म्हातारी त्यांना सांगते, "हाय की, बोंबलाच्या बाजूला टांगा गाडी."

खळ्याची राखण पाळीने असते. त्याची आमची पाटी आहे. एका मोडलेल्या होडीच्या फळीचा तुकडा, हातभर लांब, निळा रंग अर्धा उडालेला, वर भोक पाडून दोरी ओवलेली. प्रत्येक घराच्या दाराशेजारी तिच्यासाठी एक खिळा आहे. ज्याच्या खिळ्याला पाटी, त्याने सकाळी खळं झाडायचं, सगळ्यांची मासळी दिवसभर राखायची, कावळे आणि कुत्री हाकलायची, आणि दिवेलागणीला पाटी शेजारच्या खिळ्याला टांगायची. टांगताना म्हणायचं, "राखण तुझी." घरातल्याने उत्तर द्यायचं, "माझी." आता आळीचा मोबाइलवर ग्रुप आहे, नळाला पाणी कधी येणार ते त्याच्यावर येतं. पण राखण पाटीनेच जाते.

मला मोठ्याने बोलायला पहिल्यापासून जमत नाही. मी पाटी टांगायचे आणि चौकटीवर नखाने दोनदा वाजवायचे. आमच्या घरानंतर जिचं दार येतं ती माझी शेजारीण, नात्याने लांबची जाऊ, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. ती आतूनच ओरडायची, "कळली गो ताय, माझी!" तिच्यानंतर म्हातारीचं घर. म्हातारी माझ्यावरून म्हणायची, "हिच्या घरची राखण म्हंजे मुकी राखण. कावळ्यांना पन चिठ्ठी लिहून सांगत असंल."

शेजारणीला मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको दोघंच. तो मोठ्या होडीवर खलाशी होता. घरी असला की त्यांच्या पाळीचं खळं तो झाडायचा. आमच्यात हे काम बायकांचं, त्यामुळे सगळे त्याला हसत. त्याची झाडायची तऱ्हाही वेगळी होती. आम्ही बायका वाकून सरळ ओळीत झाडतो. तो माडाच्या हिरांचा लांब झाडू घेऊन खळ्याच्या कडेपासून गोल गोल फिरत आत यायचा. रेतीत एकात एक कडी उमटत जायची. म्हातारी ओट्यावरून विचारायची, "अरे, खळं झाडतोस का पाग टाकतोस?" पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. तो म्हणायचा, "आजी, बघ, मधे तूच सापडशील." शेवटी तो बरोबर मध्यावर येऊन थांबायचा, झाडू खांद्यावर घ्यायचा आणि समुद्राच्या बाजूने बाहेर चालत जायचा. सगळ्या खळ्यावर त्याच्या पावलांची तेवढी एक ओळ राहायची.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, त्याच्या तिसऱ्या फेरीत तो परत आला नाही. होडी आली. होडी चालवणाऱ्या तांडेलाने आळीत येऊन सांगितलं ते असं. पहाटे तो मागच्या बाजूला उभा राहून दात घासत होता. समुद्र शांत होता. तांडेलाने चहाला हाक मारली, "आलो" असं उत्तरही आलं. मग आला नाही म्हणून बघायला गेले तर मागे कुणी नव्हतं. पाण्याने भरलेला तांब्या तिथेच होता, सांडलासुद्धा नव्हता.

दोन दिवस बोटींनी शोधलं. पोलिसांच्या कागदावर बेपत्ता असं लिहिलं. बायका तिच्या घरी बसायला गेल्या, मीही गेले. सगळ्या तिच्या हातांकडे बघत होत्या. तिने बांगड्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ केली, कुंकू लावलं आणि आम्हालाच चहा करून दिला. "तो 'आलो' म्हनालाय," ती म्हणाली. "मग येनार."

नवव्या दिवशी पाटी माझ्या दारात होती. दुपारी मामा आमच्या ओट्यावर आले. मामा म्हणजे आळीच्या पंचांतले मोठे, सगळी आळी त्यांना मामाच म्हणते. वाईट माणूस नाही. त्या दोन दिवसांत स्वतःची होडी घेऊन सगळ्यात लांब तेच गेले होते.

"सांच्याला तिचं दार सोड," ते मला म्हणाले. "पाटी म्हातारीच्या दारात टांग."

सुतक असलेल्या घराचं दार पाटी सोडते, हा आमच्यात जुना नेम आहे. सुतकाचा हात सगळ्यांच्या मासळीला लागू नये म्हणून. माझा नवरा आगरदांड्याच्या फेरीबोटीवर असतो, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो म्हणाला, "मामा, तिनं सुतक धरलंच न्हाय. मग दार सोडायचं कसं?"

"तिनं धरलं नसंल. आळीनं धरलंय."

मी मान डोलावली. 

दिवेलागणीला मी पाटी काढली. शेजारीण दारातच उभी होती. तिच्या खिळ्याला एरवी छत्री असायची, ती तिने काढून ठेवली होती. खिळा ओल्या फडक्याने पुसलेला दिसत होता. मी जवळ आले तशी ती स्वतःच म्हणाली, "राखण माझी." मी अजून काही बोललेच नव्हते.

मी पाटी पदराखाली घेतली आणि पुढे गेले.

म्हातारीने पाटी घेतली आणि आत वळली. परत येताना मला शेजारणीच्याच दारावरून यायचं होतं. शेजारीण तशीच उभी होती. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "ताय, दर्यानं अजून काय सांगितलं न्हाय. तू कशी काय सांगतेस?"

मी घरात आले. भात टाकला. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. पण मला तेव्हा समजलं होतं. ती पाटी तिच्या दारात टांगली असती तर तो हरवलेला राहिला असता. मी पुढे नेली आणि तो मेला. पोलिसांनी केलं नव्हतं ते मी वीस पावलांत केलं होतं.

सकाळी म्हातारीच्या ओरडण्याने जाग आली.

"चोरली गो, माझी राखण चोरली!"

पाटी शेजारणीच्या खिळ्याला होती. म्हातारी तिच्या दारावर थापा मारत होती. शेजारणीने आतून कडी काढली, डोळे चोळत बाहेर आली, आधी म्हातारीकडे बघितलं, मग पाटीकडे. म्हणाली, "मी न्हाय आनली. मी झोपलेली."

"मग काय चालत आली?"

तेवढ्यात कुणीतरी खळ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. खळं झाडलेलं होतं. कडेपासून गोल गोल, एकात एक कड्या, मध्यापर्यंत. तिथे संपलेलं. आम्ही सगळ्या कडेवर उभ्या राहिलो, आत पाऊल कुणी टाकलं नाही. मधून बाहेर जाणारी पावलं शोधत होतो. समुद्राच्या बाजूला नव्हती. आमच्या बाजूलाही नव्हती. कुठेच नव्हती.

"वाऱ्यानं बुजली असतील," माझा नवरा म्हणाला. कड्या जशाच्या तशा होत्या. त्यांच्यावरची एक काडी हललेली नव्हती.

म्हातारीने पाटी उतरवून आपल्या खिळ्याला नेली आणि काठी घेऊन राखणीला बसली. तिने मासळी पसरली म्हणून आम्हीही पसरली. त्या दिवशी एकही कावळा खाली उतरला नाही. आले नाहीत असं नाही. कौलांवर, माडांवर, विजेच्या तारेवर, सगळीकडे बसलेले होते. ओरडत नव्हते. खळ्याकडे तोंड करून दिवसभर नुसते बसून राहिले. कुत्रीही खळ्याच्या कडेला येऊन फिरून गेली. म्हातारी दुपारी म्हणाली, "काय मेल्यांनो, जेवून आलात काय?" कुणी हसलं नाही, तीसुद्धा नाही.

एक दार सोडलेलं, म्हणून त्यानंतर पाटी एकविसाव्याऐवजी विसाव्या दिवशी पुन्हा माझ्याकडे आली. सुतकाचे दिवस तोवर उलटून गेले होते. मामा म्हणाले, तिने विधी केल्याशिवाय सुतक फिटत नाही, दार सोडायचंच. ह्या वेळी मला तिच्या समोरून जायचं धाडस झालं नाही. मी घरांच्या मागून, समुद्राच्या बाजूने गेले, चिखलातून, पाटी छातीशी धरून. म्हातारीच्या मागच्या दाराने आत शिरले. म्हातारीने पाटी खिळ्याला टांगलीच नाही. घरात मोरीजवळ तांदळाचं पिंप आहे, त्याच्यात घातली, झाकण लावलं आणि झाकणावर पाटा ठेवला. कडी लावताना मला म्हणाली, "बघू आता कोन उचलतो."

सकाळी पाटी शेजारणीच्या खिळ्याला होती. दोरीत तांदळाचे दोन दाणे अडकलेले होते. म्हातारीच्या दाराला आतून कडी होती, पाटा झाकणावर जागच्या जागी होता. खळ्यावर कड्या होत्या.

म्हातारी ओरडली नाही. माझ्याजवळ आली आणि विचारलं, "तू न्हाय ना गो?"

मी नाही म्हटलं. तिने माझ्या पावलांकडे बघितलं. मग मीही बघितलं. पाय कोरडे होते, बोटांत रेती नव्हती. पण मला बघावं लागलं, हे खरं.

त्यानंतर खळं रिकामं होऊ लागलं. आधी त्या एका दिवशी कुणी मासळी ठेवेना, मग दुसऱ्या दिवशीही ठेवेनात. कुणी गच्चीवर वाळवायला लागलं, कुणी डांबरी रस्त्याच्या कडेला. रस्त्यावरच्या जवळ्यावर गाड्यांची धूळ बसायची. जवळा म्हणजे बारीक कोळंबीसारखी मासळी, एकदा माती लागली की खाताना दाताखाली कचकच लागते. बोंबलाचे बांबू उघडे दिसायला लागले. पाटी फिरत होती, ज्याची पाळी तो खळं झाडत होता, पण राखायला काही नव्हतं. सगळी आपापल्या दारात उभी राहून मधल्या मोकळ्या जागेकडे बघायची आणि आत जायची.

मामांनी समाजमंदिरात बैठक घेतली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. शेजारीण येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मामा म्हणाले, ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात, तसं आळीच्या वतीने करून टाकू. म्हणजे तोही सुटेल आणि खळंही सुटेल.

"पुतळा जाळा," शेजारीण म्हणाली. "कोनाचा जाळलात ते तुम्हालाच ठाव. मी कुंकू पुसनार न्हाय."

"मग तुला हवं तरी काय, पोरी?" मामांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता.

"माझी राखण मला द्या. येवढंच मागते. सगळ्या घरांना हाय, मला न्हाय. मी काय केलं?"

"तुला राखण दिली म्हंजे आळीनं त्याला जिता म्हटलं असं होतं."

"म्हना की."

मागून एका बाईने हळूच विचारलं, "आन जिता म्हटल्यावर आला तर?"

  सगळ्यांच्या मनात होतं ते त्या बाईने बोलून टाकलं होतं. आतापर्यंत तो बोलावल्याशिवाय येत होता, खळं झाडून जात होता. बोलावल्यावर काय होईल, ते कुणाला बघायचं नव्हतं. पुढच्या वेळी पाटी म्हातारीच्या दारात गेली की दुसऱ्या दिवशी पुतळ्याचं करायचं, असं ठरवून माणसं उठली.

फिरत फिरत पाटी पुन्हा माझ्या दारात आली, तो दिवस माझ्या राखणीचा होता. खळ्यावर फक्त माझाच जवळा होता, एक चादरभर. मी काठी घेऊन बसले होते. समोर शेजारणीचं दार. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. सकाळपासून तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. दुपारी तिने उठून खिळ्यावरची छत्री काढली, आत ठेवली, फडकं आणून खिळा पुसला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. पाटी तिच्याकडे येणार नाही, हे तिला माहीत होतं. तरीही पुसला.

दिवेलागणीला आळीतली सगळी माणसं दारांत आली होती. मामा आपल्या ओट्यावर उभे होते. माझा नवरा कामावरून नुकताच आला होता, त्याच्या हातात डबा तसाच होता. मी पाटी घेतली आणि चालायला लागले.  मी तिच्या दारात थांबले आणि पाटी खिळ्याला टांगली. नखाने वाजवायला हात वर केला, पण मग वाजवलं नाही.

"राखण तुझी," मी म्हटलं. आवाज फाटका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

ती उभी राहिली. तांदळाचं सूप तिच्या हातात होतं. "माझी," ती म्हणाली.

"काय केलंस तू हे?" मामा तिकडून म्हणाले.

मला वळून त्यांच्याकडे बघता येईना. मी खिळ्याकडे बघतच बोलले. "तिचं दार ती सांगल तवा सोडीन. तिनं सांगितल्याबिगर न्हाय सोडनार."

 मामा आत गेले आणि दार लावलं. एकेक करून सगळीच दारं लागली, दिवे लागण्याआधीच. म्हातारीने दार लावताना मला म्हटलं, "मुकी होतीस तेच बरं होतं गो." पण तिने माझ्या दंडाला हात लावला होता.

सकाळी मला झाडूचा आवाज आला. सरळ, लहान लहान फटकारे. मी दार उघडलं. शेजारीण खळं झाडत होती. गाऊनवर ओढणी घेतलेली, कमरेत वाकून, आम्ही बायका झाडतो तसं, ओळीत. खळ्यावर कड्या नव्हत्या. होत्या त्या तिच्या पावलांच्या रांगा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या. झाडून झाल्यावर तिने आपला जवळा आणून पसरला. मी माझा नेऊन तिच्या शेजारी पसरला. दुसऱ्या कुणी काही आणलं नाही. आम्ही दोघी बसलो. काठी तिच्या मांडीवर होती.

ऊन वर आलं तेव्हा पहिला कावळा उतरला. खळ्याच्या कडेला, समुद्राच्या बाजूला. मी तिच्याकडे बघितलं. तिने काठी उचलली नाही. कावळा चालत आला, उड्या मारत नाही, एकेक पाऊल टाकत. माझा जवळा आधी होता. त्याच्या बाजूने पुढे गेला. तिच्या जवळ्यापाशी थांबला, मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि चोच घातली.

मी "हाट" म्हणत उठायला गेले. तिने माझा पदर धरला.

"खाऊ दे."

मग दुसरा उतरला, मग तिसरा, मग कौलांवरून, तारेवरून सगळे आले. सगळे तिच्याच जवळ्यावर. माझ्यातला एक कण कुणी उचलला नाही. आवाज नव्हता, फक्त चोचींची टकटक. ती बघत होती. तिने माझा पदर सोडला नव्हता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची आपण वाट बघतो, अजून शिवला नाही, अजून शिवला नाही, असं म्हणत घरची माणसं उन्हात उभी असतात. मला तेच दिसत होतं आणि मी ते बोलणार नव्हते. तिची चादर रिकामी झाली, तसे ते उठून समुद्रावर गेले. परत माडांवर बसले नाहीत.

तिने रिकाम्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "ताय, पाटी माझ्या दारातून काढ."

"अजून दिवस हाय. राखण तुझी हाय."

"मला आता तिला शिवता येत न्हाय," ती म्हणाली. "आजपासून बारा दिस माझं दार सोड."

मी उठले. तिच्या खिळ्यावरून पाटी काढली आणि भर दुपारी म्हातारीच्या दारात नेली. म्हातारी जेवत होती. "अर्ध्या दिवसाची राखण कसली गो आनतेस?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून ताट सरकवून उठली. हात धुतले, कळशीत पाणी घेतलं आणि शेजारणीच्या घरी गेली. थोड्या वेळाने घराघरांतून बायका बाहेर पडल्या. मामा आले, चप्पल बाहेर काढून ओट्यावर बसून राहिले.  आतून बांगड्यांचा आवाज आला तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड झाकलं.

तेराव्या दिवसानंतर लोक मासळी पुन्हा खळ्यावर आणायला लागले. बोंबलाचे बांबू भरले. शेजारणीची पुढची पाळी आली तेव्हा मी पाटी तिच्या खिळ्याला टांगली, तिने घेतली, कुणी काही म्हटलं नाही.

त्या पाळीला मी तिच्याबरोबर खळ्यावर बसले होते. खळ्यावर कड्या उमटल्या त्या रात्रींबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं, पण ती आपणहून बोलली.

"त्या दोन्ही येळा मी झोपलेले न्हवते," ती म्हणाली. "झाडूचा आवाज ऐकला होता. पार शेवटपर्यंत. थांबला तेवढा."

"मग दार का न्हाय उघडलंस?"

तिने एका कावळ्याला काठी दाखवली. तो उडाला.

"उघडलं असतं, तर तिथं कोन न्हाय ते दिसलं असतं."